बर्फ बघायलाच चाललाय ना, मग घाबरता कशाला?

वरचं वाक्य माझं नाही. एका टूर एजंटचं आहे. गेल्या वर्षी, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या सुट्टीत त्याने ते माझ्या ताईला फोनवर ऐकवलं. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा नाही. असे पन्नास आहेत. आणि खरं सांगायचं तर त्यांना तसं बोलायची हिंमत आपणच दिलेली आहे.

आज ही पोस्ट लिहायचं कारण म्हणजे दिवाळी संपली आणि चाळीसगावात स्टेशन रोडला पुन्हा बोर्ड लागले. "शिमला-मनाली, ६ रात्री ७ दिवस, बर्फ गॅरंटी." व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच फिरतंय. भिशीच्या बायकांचा ग्रुप ठरतोय, शाळेतल्या मास्तर लोकांचा ग्रुप ठरतोय, अ‍ॅडव्हान्स भरणं चालू आहे. डिसेंबरच्या शेवटी लिहून काही उपयोग नाही. तोवर पैसे गेलेले असतात, आणि एकदा पैसे गेले की माणूस हवामान बघत नाही, पावती बघतो.

लांब पोस्ट आहे. तुमच्या घरातलं कोणी यंदा थंडीत वर जाणार असेल तर पूर्ण वाचा.

आधी ताईचं सांगतो.

ताई, दाजी, दोन मुलं आणि ताईच्या सासूबाई. पाच जण. सासूबाईंना शुगर आहे. आयुष्यात एकदा बर्फ बघायचा ही त्यांचीच इच्छा. पाच जणांचे मिळून एक लाख दहा हजार रुपये ऑक्टोबरातच भरले. मनालीला पोहोचले त्याच्या आदल्या दिवसापासून मी बातम्या बघत होतो. माझा धंदाच तो. नवा पश्चिमी झंझावात येतोय, २७ आणि २८ डिसेंबरला हिमाचलात वरच्या भागात जोरात बर्फ होणार, हे हवामान खात्याने सांगून ठेवलं होतं. त्याच्या चार दिवस आधी, २३ डिसेंबरला, सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांनी शेकडो पर्यटकांना बाहेर काढलं होतं. म्हणजे ट्रेलर दाखवून झाला होता.

मी ताईला फोन केला. म्हटलं, २७ ला वर जाऊ नका, मनालीतच फिरा. ती म्हणाली, "अरे, पण सोलंग आणि बोगदा २७ लाच आहे प्रोग्राममध्ये. मी विचारते त्यांना."

तिने विचारलं. एजंट म्हणाला, "मॅडम, बर्फ बघायलाच चाललाय ना, मग घाबरता कशाला? आणि तो दिवस सोडला तर पैसे परत नाहीत, दुसऱ्या दिवशी गाडी वेगळ्या ग्रुपला दिलीय."

ताईने पुन्हा मला फोन केला नाही. दाजी म्हणाले, एवढ्या लांब आलोय, आईची इच्छा आहे, चला. आणि गेले.

दुपारी बर्फ सुरू झाला. सासूबाईंनी हातात घेतला, फोटो काढला, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. तो फोटो मला दुपारी तीनला आला. त्यानंतर रात्री अकरापर्यंत फोन लागला नाही. सोलंगजवळ गाडी उभी ती उभीच. पुढेही गाड्या, मागेही गाड्या, रस्ता काचेसारखा. ड्रायव्हर दिल्लीचा. पोरगं चांगलं होतं, पण बर्फात गाडी चालवायचा त्याचा अनुभव शून्य. सासूबाईंच्या गोळ्या मनालीच्या हॉटेलात, बॅगेत. कारण संध्याकाळी परत येणारच होतो ना. खायला मुलांची दोन बिस्किटाची पाकिटं. लघवीला जायची सोय नाही. बायकांनी आठ तास कसे काढले असतील ते तुम्हीच समजा.

शेवटी पोलीस आले, गाडी तिथेच सोडून सगळ्यांना खाली आणलं. त्या एका दिवशी सोलंगला साधारण हजार गाड्या आणि पाच हजार पर्यटक अडकले होते. कुल्लू पोलिसांनी ते बाहेर काढले. पाच हजार! आपल्या तालुक्यात एवढ्या लोकवस्तीची गावं मोजकी असतील. त्या पोलिसांना सलाम. पण पोलीस येतील या भरवशावर सासूला बर्फ दाखवायला न्यायचं असतं का?

सगळे सुखरूप परत आले. म्हणूनच ही गोष्ट आता हसत-हसत सांगितली जाते. लग्नात, बारशात, "आम्ही मनालीत अडकलो होतो" म्हणून. मला मात्र हसू येत नाही, कारण याच गोष्टीचा दुसरा शेवट मला माहिती आहे.

तो शेवट सीमेपलीकडे झाला. पाकिस्तानातलं मरी. इस्लामाबादपासून तास-दीड तासावरचं थंड हवेचं ठिकाण, जसं आपल्याला महाबळेश्वर. जानेवारी २०२२. बर्फ पडणार म्हणून लोक निघाले. तिथल्या हवामान खात्याने दोन-तीन दिवस आधी जोरदार बर्फ आणि बंद रस्ते यांचा इशारा दिलेला होता. तरी लाखभर गाड्या त्या छोट्या गावाकडे गेल्या. कोणी अडवलं नाही. ७ जानेवारीच्या रात्री बर्फ असा पडला की गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. सकाळी गाड्यांमधून किमान २२ मृतदेह काढले. त्यात लहान मुलं होती. एक पोलीस कर्मचारी आणि त्याच्या कुटुंबातले कित्येक जण होते.

ते सगळे थंडीने गोठूनच गेले असं नाही. काही जण काचा बंद करून, हीटर लावून, इंजिन चालू ठेवून बसले होते. बाहेर बर्फ साचत गेला आणि सायलेन्सरचं तोंड बुजलं. धूर आत आला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. ऊब मिळावी म्हणून जे केलं त्यानेच जीव गेला.

मरीत अंदाज होता. मनालीत अंदाज होता. दोन्हीकडे तो खरा निघाला. मग चुकलं काय?

आपल्याकडे एक जुना विनोद आहे, की हवामान खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी. मी स्वतः तो विनोद बातम्यांत वापरलाय, खोटं कशाला बोलू. पण हा विनोद आता जुना झाला आणि त्याच्या आडोशाला बरेच जण धंदा करतायत. "अंदाज काय, चुकतोच" असं म्हटलं की कोणाचीच जबाबदारी राहत नाही. एजंटची नाही, हॉटेलवाल्याची नाही, आपली स्वतःची पण नाही.

म्हणून अंदाज काय सांगू शकतो आणि काय नाही, हे एकदा नीट समजून घेऊ. अवघड नाही.

हिवाळ्यात हिमालयात बर्फ पडतो तो बहुतेक पश्चिमी झंझावातामुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने हे वारे निघतात आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयावर आदळतात. आपल्या शेतकऱ्याला हे काही परकं नाही. तो झंझावात पुढे सरकला की उत्तरेचा गार वारा खाली येतो, आपल्याकडे निफाड-जळगावचा पारा उतरतो आणि गहू-हरभऱ्याला बरं वाटतं. वर मनालीत बर्फ, खाली आपल्या शेतात थंडी. दोन्ही एकाच साखळीत.

हा झंझावात निघाला की चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. दोन-तीन दिवसांवर आला की जिल्ह्याजिल्ह्याचा इशारा येतो. दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या काही आठवड्यांचा कल पण देतं, पण तो कल असतो. थंडी सरासरीपेक्षा जास्त की कमी, पाऊस-बर्फ जास्त की कमी, एवढंच. २५ डिसेंबरला सोलंगला बर्फ पडेल का, हे दिवाळीत जगातलं कोणतंही हवामान खातं सांगू शकत नाही. अमेरिकेचं नाही, युरोपचं नाही, आपलं नाही. आणि स्टेशन रोडवरचा बोर्ड मात्र गॅरंटी देतो!

उलट्या बाजूचंही सांगतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी फक्त भीती घालतोय. जानेवारी २०२४ आठवा. गुलमर्ग कोरडं ठाक. ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मिरातल्या सर्वांत कडक चाळीस दिवसांत, स्कीइंगच्या उतारावर पिवळं गवत. लोक पैसे भरून गेले आणि गवताचे फोटो काढून आले. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फच नाही म्हणून गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. सरकारला स्वतःच्या स्पर्धेसाठी बर्फाची गॅरंटी देता आली नाही. आपल्या एजंटला कुठून देता येते?

आता इशाऱ्याचे रंग. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हातपाय हलवा, आत्ताच. हा रंग किती बर्फ पडेल एवढ्यावरच ठरत नाही. पडल्यावर काय बिघडेल, रस्ता बंद होईल का, वीज जाईल का, हेही त्यात धरलेलं असतं. म्हणजे नारंगी इशारा म्हणजे "आज फोटो छान येतील" असा नाही. "आज रस्ता बंद पडू शकतो" असा आहे.

"तुरळक ठिकाणी" हा शब्द आपण रोज वाचतो आणि सोडून देतो. त्याचा अर्थ ठरलेला आहे. त्या भागातल्या चार केंद्रांपैकी फार तर एका केंद्रावर. मग मनालीत पाऊस पडला, बर्फ नाही पडला, तर अंदाज चुकला का? नाही. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे आणि अटल बोगद्याचं तोंड तीन हजार मीटरच्या वर. खाली भुरभुर पाऊस आणि पंचवीस किलोमीटर वर गुडघाभर बर्फ, हे एकाच वेळी होतं. हॉटेलच्या खिडकीतून आभाळ बघून "काही नाही हो, उघडलंय" म्हणणारा माणूस चूक करतो ती इथेच. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये दिसणारं सूर्याचं चित्र पण खालच्या गावाचं असतं, वरच्या रस्त्याचं नसतं.

आणि अजून एक. बर्फ थांबला म्हणजे धोका संपला असं नाही. दिवसा ऊन पडतं, वरचा बर्फ वितळतो, ते पाणी रात्री रस्त्यावर गोठतं. त्याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात. डांबरावर पातळ काचेचा थर, दिसत नाही. इशारा मागे घेतला, आभाळ निळं झालं, आणि सकाळी सातला गाडी दरीकडे सरकली, असं होतं ते यामुळे.

हे सगळं सांगणारी यंत्रणा आपल्या महाराष्ट्रातच वाढलीय, हे विसरू नका. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे ना? कित्येक वर्षं मला वाटायचं, शिमल्याच्या सफरचंदाचं काहीतरी ऑफिस असेल. ते हवामान खात्याचं ऑफिस. खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला होतं, १९२८ मध्ये ते पुण्यात आलं आणि नाव मागे राहिलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात देशाला सहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत अंदाज देणारी जी नवी प्रणाली मिळाली, ती पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेली. म्हणजे पुण्यात बसून शास्त्रज्ञ डोळे फोडून अंदाज देणार, सरकार त्यावर कोट्यवधी खर्च करणार, आणि चाळीसगावचा एजंट म्हणणार, "मॅडम, घाबरता कशाला?"

तर मूळ मुद्दा हा आहे. अंदाज सुधारला. पण आपली सुट्टी अशी बांधलेली आहे की अंदाज कळून उपयोग होत नाही. बुकिंग दोन महिने आधी, अंदाज पाच दिवस आधी, आणि मधल्या काळात पैसे परत मिळायची सगळी दारं बंद. मग नारंगी इशारा आला तरी माणूस काय करणार? पाच जणांचे एक लाख दहा हजार सोडून देणार? दाजींची जवळपास दोन महिन्यांची कमाई आहे ती. ज्याच्याकडे पैसा आहे तो म्हणतो, राहू दे, दोन दिवस हॉटेलात बसू. मध्यमवर्गीय माणूस आणि हातावर पोट असलेला ड्रायव्हर, हे दोघं वर जातात. ताई मूर्ख नव्हती. तिला इशारा माहिती होता. तिला तो परवडला नाही, इतकंच.

विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर तिला पैसे परत द्यावे लागतात किंवा दुसरं विमान द्यावं लागतं. नियम आहे. पण रस्ता बंद झाला तर हॉटेलवाला म्हणतो, "आमचं हॉटेल तर उघडं होतं, तुम्ही आला नाहीत." गाडीवाला म्हणतो, "गाडी तर उभी होती." एजंट म्हणतो, "निसर्गाचा कोप, आमचा काय दोष?" आणि तोच एजंट बोर्डवर त्याच निसर्गाची गॅरंटी छापतो. बर्फ पडला तर श्रेय माझं, बर्फात अडकलात तर दोष देवाचा. वा रे वा!

आता आमच्या धंद्याबद्दल. दुसऱ्याला बोलायचं तर आधी आपलं झाकलेलं उघडावं.

इशारा आला की आम्ही काय छापतो? "मनालीने पांघरली बर्फाची चादर, पर्यटकांमध्ये आनंदाचं वातावरण." फोटोत हसणारी जोडपी. पाचव्या ओळीत कुठेतरी "प्रशासनाने सतर्कतेचा इशारा दिला आहे". दुसऱ्या दिवशी, "शेकडो पर्यटक अडकले". दोन्ही बातम्या आमच्याच, दोन्हींवर क्लिक. गेल्या वर्षी २३ डिसेंबरची ती चादरवाली बातमी मी स्वतः टाकली होती. माझ्या बहिणीने ती लाइक केली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितोय. यंदापासून माझ्या पेजवर इशारा असेल तर रंग पहिल्या ओळीत येईल. चादर आली तर तिसऱ्या.

काही जण म्हणतील, तिकडच्या लोकांचं पोट आहे यावर. खरं आहे. मनालीतला घोडेवाला, गमबूट भाड्याने देणारी बाई, मॅगीवाला, सगळ्यांचं वर्षाचं गणित या पंधरा दिवसांवर. मी कोणाला जाऊच नका म्हणत नाहीये. पण तारीख बदलून दिली तर त्यांचा धंदा बुडत नाही, पुढे सरकतो. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाची शक्यताही बरी असते आणि गर्दीही कमी. उलट एक मरी झालं ना, तर पुढची कित्येक वर्षं कोणी फिरकणार नाही. त्यांच्या पोटाची काळजी असेल तर त्यांच्याही भल्याची गोष्ट हीच आहे.

काही जण म्हणतील, सरकारने गाड्या अडवाव्यात. अगदी बरोबर. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला. त्याआधी रोहतांग हिवाळ्यात बंदच असायचा, पलीकडे जायचा प्रश्न नव्हता. आता नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की लाहौल. सकाळी ऊन बघून सगळे पलीकडे सिस्सूला जातात, दुपारी बर्फ सुरू झाला की सगळे एकदम मागे वळतात, आणि बोगद्यापासून सोलंगपर्यंतच्या उतारावर साखळी बसते. रोहतांग खिंडीला प्रदूषणापायी हरित लवादाने दिवसाला १२०० पर्यटक गाड्यांची मर्यादा घातलेली आहे. आणि २४ डिसेंबर २०२३ ला एका दिवसात २८ हजारांहून जास्त गाड्या त्या बोगद्यातून गेल्या-आल्या. पोलिसांचीच मोजदाद आहे ती. धूर मोजून गाड्या थांबवता येतात, मग बर्फाचा इशारा बघून का नाही? इशारा आहे त्या दिवशी सोलंगच्या नाक्यावर आकडा ठरवा, भरला की बंद. हिमाचल सरकारला हे आपण चाळीसगावातून सांगून ते ऐकतील असं नाही. पण आपल्या हातात आहे ते तरी करू.

कारण आपल्याला हे कळत नाही असं नाही. आपल्या कन्नड घाटाचं बघा. ३१ ऑगस्ट २०२१ ला दरडी कोसळल्या, खाली तितूर-डोंगरीला पूर आला, घाट बंद झाला. त्यानंतर पावसाळ्यात जोर धरला की आपण काय करतो? संभाजीनगरला जायचं असलं तरी आधी चार ठिकाणी फोन करतो. "घाट चालू आहे का?" लग्न असलं तरी थांबतो, नाहीतर नांदगावमार्गे फेरा घालतो. जड वाहनांना बंदी घालायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, पण घातली. आपल्या घाटात आपण इतके शहाणे. आणि दीड हजार किलोमीटर जाऊन, दुसऱ्याच्या घाटात, बर्फात, अनोळखी ड्रायव्हरच्या भरवशावर आपण एवढे बिनधास्त कसे होतो? एकच फरक आहे. आपल्या घाटात अ‍ॅडव्हान्स भरलेला नसतो.

म्हणून आता कामाचं सांगतो.

१. पैसे भरण्याआधी एजंटला एकच प्रश्न विचारा: "त्या जिल्ह्याला नारंगी किंवा लाल इशारा आला तर तारीख बदलून मिळेल का? पैसे किती परत?" उत्तर तोंडी घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसरा बघा.

२. बोर्डवर "बर्फ गॅरंटी" असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. फसव्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करार म्हणजे काय हे पण लिहिलंय. ग्राहकावर अवाजवी अट लादणं, नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणं, हे त्यात येतं. असल्या कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेत कसूर झाली तर जिल्हा आयोग आहे. सुरुवात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून करा, फोन फुकट आहे.

३. कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा. सात दिवसांत सहा ठिकाणं कोंबलेली असली की इशारा पाळायला जागाच उरत नाही. एक ठिकाण कमी करा.

४. निघायच्या पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. 'मौसम' अ‍ॅप आहे, आपत्ती व्यवस्थापनाचं 'सचेत' आहे. दोन्ही फुकट. यूट्यूबवरच्या "महाभयंकर हिमवादळ" वाल्यांना सोडा. ते दर आठवड्याला जग बुडवतात.

५. वर जाताना औषधं, पाणी, खाणं, एक घोंगडी जवळ ठेवा, हॉटेलात नाही. गाडी अडकलीच तर इंजिन सतत चालू ठेवू नका. सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढत राहा. एक काच दोन बोटं उघडी ठेवा. हा एक मुद्दा घरातल्या प्रत्येकाला पाठ करून न्या.

६. ड्रायव्हर "नको साहेब" म्हणाला तर त्याचं ऐका. त्याच्यावर ओरडू नका. तो पैसे बुडवून नको म्हणतोय, याचा अर्थ तरी समजून घ्या.

आणि गावातल्या एजंट मंडळींना, ज्यातले निम्मे मला ओळखतात आणि उद्या चहाच्या टपरीवर भेटणार आहेत: मित्रांनो, तुमच्यावर राग नाही. तुम्हालाही वरचा हॉटेलवाला पैसे परत देत नाही हे मला माहिती आहे. पण तुम्ही सगळे मिळून म्हणालात की इशारा आला तर तारीख बदलून द्या, नाहीतर यंदा चाळीसगावचा ग्रुप तुमच्याकडे नाही, तर तो देईल. एकटा म्हणालात तर नाही देणार. आणि तुमच्यापैकी जो कोणी आधी बोर्डवरचं "बर्फ गॅरंटी" पुसून "इशारा आला तर तारीख बदलून मिळेल" असं लिहील, त्याच्या बोर्डचा फोटो मी माझ्या पेजवर फुकट टाकेन. जाहिरातीचा एक रुपया घेणार नाही. शब्द आहे.

ताईकडे परवा गेलो होतो. सासूबाईंचा तो बर्फ हातात घेतलेला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. छान आलाय. मी बघत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "बघून झालं बाबा. पण त्या रात्री मला वाटलं होतं, हा फोटो हार घालायलाच काढला गं सुनबाई."

हसल्या त्या. ताई पण हसली. मी नाही हसलो.

तुमच्या बुकिंगच्या पावतीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते आज रात्री जेवण झाल्यावर वाचा. आणि नाव झाकून त्या अटीचा फोटो कमेंटमध्ये टाका. बघू किती जणांना इशारा परवडतो ते.